दोन डॉक्टरांना तुमची एकच फाईल दिसावी म्हणून काय करायचं

आईचे पाय सुजायला लागले तेव्हा आम्ही पहिल्यांदा किडनीलाच घाबरलो. संध्याकाळपर्यंत घोट्याजवळ बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि तो लवकर भरायचा नाही. एका डॉक्टरांनी लघवी वाढवणारी गोळी दिली, सूज जराशी उतरली पण तिला चक्कर यायला लागली, मग चक्करेसाठी अजून एक गोळी. तीन आठवडे हेच चाललं होतं. शेवटी एका फार्मासिस्ट बाईंनी सगळ्या स्ट्रिप्स काउंटरवर उलट्या मांडल्या, मागची बारीक अक्षरं वाचली आणि म्हणाल्या, "अहो काकू, ह्या दोन गोळ्या एकच आहेत की." ब्रँडचं नाव वेगळं, रंग वेगळा, पण दोन्हीत ॲम्लोडिपिन हे बीपीचं औषध, ५ मिलिग्रॅम. एक हार्टच्या डॉक्टरांनी दिलेली, दुसरी फॅमिली डॉक्टरांनी, आणि दोघांनाही दुसऱ्याचं प्रिस्क्रिप्शन दिसत नव्हतं.

ॲम्लोडिपिनचा डोस वाढला की पाय सुजू शकतात हे त्या औषधाच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं. म्हणजे आईला नवीन काही झालंच नव्हतं, एका गोळीच्या परिणामावर दुसरी आणि दुसरीच्या परिणामावर तिसरी अशी रांग लागली होती. दोन्ही डॉक्टर चांगले आहेत हो, दोघांच्या टेबलावर कॉम्प्युटर पण आहे, फक्त ते दोन कॉम्प्युटर एकमेकांशी बोलत नव्हते आणि मधली निरोप्या होती आमची आई, जिला गोळ्या "सकाळची पांढरी" आणि "रात्रीची गुलाबी" एवढ्याच माहीत.

त्यानंतर मी बसून हा सगळा प्रकार समजून घेतला आणि तिचं रेकॉर्ड शेअर होईल असं करून घेतलं. काय केलं, कुठे अडकलो आणि फायदा नेमका कशात आहे ते लिहितोय. आधीच सांगतो, रिपोर्टचे फोटो ग्रुपवर टाकून ठेवले म्हणजे रेकॉर्ड शेअर झालं असं नसतं. मलाही आधी तसंच वाटायचं.

आधी हे शेअरिंग होतं कसं ते बघा

तीन रस्ते आहेत. पहिला, एक डॉक्टर दुसऱ्याला मुद्दाम पाठवतात, म्हणजे फॅमिली डॉक्टरांनी स्पेशालिस्टकडे रेफर केलं आणि सोबत हिस्टरी, रिपोर्ट सिस्टिममधूनच गेले. दुसरा, तुम्ही अचानक इमर्जन्सीत पोचलात आणि तिथल्या डॉक्टरांनी तुमची माहिती शोधून ओढून घेतली. तिसरा रस्ता म्हणजे तुम्ही स्वतः, तुमच्या पोर्टलवरून किंवा ॲपमधून परवानगी देऊन किंवा डाउनलोड करून पुढच्याला देता. काही देशांत पहिले दोन बऱ्यापैकी चालतात. एस्टोनियात २००८ पासून देशभराची एकच सिस्टिम आहे, डेन्मार्कमध्ये २००३ पासून नागरिकांसाठी हेल्थ पोर्टल आहे, भारतात आभा (सरकारी हेल्थ खातं) ह्याच्या १४ आकडी नंबरवर आणि पेशंटच्या संमतीवर चालणारी व्यवस्था उभी राहतेय. पण तुम्ही कुठेही असा, एखादा दवाखाना, एखादी लॅब ह्या जाळ्याच्या बाहेर असतेच, त्यामुळे तिसरा रस्ता आपल्याला यायलाच पाहिजे.

दोन सॉफ्टवेअरना एकमेकांचं कळावं म्हणून एचएलसेव्हन नावाच्या संस्थेचं एक स्टँडर्ड आहे, त्याचं नाव फायर. आगीशी काही संबंध नाही, नुसती आद्याक्षरं आहेत. तुम्हाला त्यातलं टेक्निकल काही कळायची गरज नाही, एवढंच लक्षात ठेवा की ह्या पद्धतीनं गेलेली माहिती समोरच्या कॉम्प्युटरला "समजते", म्हणजे औषध हे औषधाच्या रकान्यात पडतं, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) क्रिएटिनिनच्या ग्राफवर बसतं. रिपोर्टचा मोबाईलवर काढलेला फोटो डॉक्टर वाचू शकतात पण कॉम्प्युटरसाठी ते नुसतं चित्र. त्या चित्रात लिहिलेल्या दोन गोळ्या आपसात भांडतात का हे तो कधीच सांगणार नाही.

फायदा कुठे होतो

सगळ्यात मोठा फायदा औषधांचा, माझं तर ठाम मत झालंय की बाकी काहीच जमलं नाही तरी औषधांची यादी एक करा. डबल गोळीचं उदाहरण वर दिलंच. दुसरा प्रकार म्हणजे गोळ्यांची आपसातली भांडणं. वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध चालू असलेल्या माणसाला लघवीच्या इन्फेक्शनसाठी दुसऱ्या कुणी को-ट्रायमोक्साझोल नावाचं अँटिबायोटिक दिलं तर रक्त जास्तच पातळ होऊन ब्लीडिंगचा धोका वाढतो. दोन्ही औषधं आपापल्या जागी बरोबर, पण एकत्र नको. एकाच यादीत दिसली तर बरीच सॉफ्टवेअर तिथल्या तिथे लाल अलर्ट देतात. वेगवेगळ्या दवाखान्यांत असली तर कोण देणार?

दुसरा फायदा लोकांच्या फारसा लक्षात येत नाही, तो म्हणजे जुन्याशी तुलना. छातीत दुखतंय म्हणून कुणी इमर्जन्सीत गेलं आणि ईसीजीत लेफ्ट बंडल ब्रांच ब्लॉक (हृदयातल्या विजेच्या वाटेतला एक अडथळा) दिसला, तर डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो की हे आजचं आहे का आधीपासूनचं. चार वर्षांपूर्वीचा ईसीजी स्क्रीनवर आला आणि त्यात अगदी तसाच ब्लॉक असेल तर पुढचा विचार वेगळ्या दिशेनं जातो. छातीच्या सिटी स्कॅनमध्ये छोटी गाठ दिसली तरी तेच, दोन वर्षांपूर्वी तेवढीच होती हे दिसलं की पुष्कळदा जीव भांड्यात पडतो, आणि वाढलेली दिसली तर वेळ न घालवता पुढचं सुरू करता येतं. क्रिएटिनिन १.३ हा एकटा आकडा फार काही बोलत नाही हो, पण ०.८, १.० आणि मग १.३ असा दीड वर्षाचा प्रवास दिसला तर डॉक्टर खुर्चीत सरळ होऊन बसतात.

तिसरा फायदा, त्याच त्याच तपासण्या टळतात. इथे नुसता पैशांचा आणि टोचून घेण्याचा प्रश्न नाहीये, पोटाच्या एका सिटी स्कॅनमध्ये छातीच्या साध्या एक्स-रेच्या कितीतरी पट रेडिएशन असतं, त्यामुळे "मागच्या महिन्याचा स्कॅन सापडत नाही, परत काढू" हे ऐकायला जेवढं साधं वाटतं तेवढं नाही. अर्थात प्रत्येक वेळी परत केलेली तपासणी फालतू असते असंही नाही, शुगर, पोटॅशियम वगैरे बदलत्या गोष्टी परत बघाव्याच लागतात, तिथे डॉक्टरांशी वाद घालत बसू नका.

आणि ब्लड ग्रुप! सगळे आधी तोच मोबाईलमध्ये भरतात. खरं तर रक्त चढवायची वेळ आली की हॉस्पिटल ग्रुप आणि क्रॉसमॅच (दात्याचं रक्त जुळतं का ही तपासणी) स्वतः करतंच, तुमच्या कार्डावर भरवसा ठेवत नाही. त्यापेक्षा ॲलर्जी, रक्त पातळ करणारी गोळी, पेसमेकर आणि किडनीचा त्रास ह्या चार गोष्टी वर ठेवा.

सुरुवात करा रजिस्ट्रेशनपासून

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. आईच्या नावानं एकाच हॉस्पिटलमध्ये तीन फाईली निघाल्या. एकात पूर्ण नाव, दुसऱ्यात मधलं नाव गायब, तिसऱ्यात जन्मतारीख १ जानेवारी, कारण काउंटरवरच्या मुलाला घाई होती आणि वय विचारून त्यानं अंदाजानं टाकून दिलं. कॉम्प्युटरच्या हिशोबानं ह्या तीन वेगळ्या बायका. मग शेअरिंग कितीही भारी असू दे, पुढच्या डॉक्टरांना तिसरीच बाई दिसणार आणि तिला कसलीच ॲलर्जी नाही.

तर, जिथे जिथे जाता तिथे ओळखपत्रावरचं नाव अक्षर न अक्षर तेच, जन्मतारीख तीच, मोबाईल नंबर तोच. जुना नंबर बंद झाला असेल तर जाऊन बदलून घ्या, ओटीपी त्यावरच जात राहतो आणि नेमका गरजेच्या वेळी कळतं. दोन फाईली निघाल्या तर "मर्ज करून द्या" असं सांगायचं, मेडिकल रेकॉर्ड डिपार्टमेंटवाले करतात ते, रिसेप्शनवर होत नाही. आमचं दोन चकरांत झालं. आणि घरातल्या चार जणांना एकच मोबाईल नंबर दिलेला असेल तर प्रत्येकाचं प्रोफाईल वेगळं आहे ना हे बघा, नाहीतर बाबांची शुगर मुलाच्या खात्यात जाऊन बसते.

मग विचारा, पेशंट पोर्टल किंवा ॲप आहे का, असेल तर तिथेच काउंटरवर उभं राहून लॉगिन करून घ्या, घरी गेल्यावर करू म्हटलं की होत नाही. आई-वडिलांचं बघायचं असेल तर त्यांचा पासवर्ड वापरण्यापेक्षा बऱ्याच पोर्टलमध्ये नातेवाइकाला वेगळा ॲक्सेस द्यायची सोय असते, ती मागा.

परवानगी देताना

संमतीचा फॉर्म किंवा ॲपवरचं पान आलं की तीन गोष्टी वाचा: कोणाला, काय काय, आणि कधीपर्यंत. बाकीचं पण वाचलेलं चांगलंच पण ह्या तीन सोडू नका. दात काढायला गेलात तर डेंटिस्टना तुमची औषधं, ॲलर्जी आणि रक्त गोठण्याचं कळायलाच हवं, दहा वर्षांपूर्वीच्या कौन्सेलिंगच्या नोट्स त्यांना कशाला? मानसिक आरोग्य, एचआयव्ही, गर्भपात असल्या नोंदींना काही ठिकाणी वेगळं कुलूप असतं, तुमच्याकडे काय पद्धत आहे ते विचारून घ्या. पण दुसरी बाजूही सांगतो, लपवताना औषध लपवू नका. नोट्स नका दाखवू हवं तर, पण डिप्रेशनची गोळी चालू असेल तर ती यादीत राहू द्या, कारण ती दुसऱ्या गोळीशी भांडू शकते आणि भांडताना ती तुमची लाज बघत नाही.

भीती खोटी नाही. सिंगापूरमध्ये २०१८ साली सिंगहेल्थवर सायबर हल्ला झाला आणि सुमारे १५ लाख पेशंटची माहिती चोरीला गेली, त्यात खुद्द पंतप्रधानांचीही होती. म्हणून पासवर्ड वेगळा ठेवा, टू-स्टेप लॉगिन चालू करा, आणि काम झालं की जुनी परवानगी काढून घ्या. ज्या सिस्टिममध्ये "कोणी पाहिलं" ही यादी दिसते तिथे महिन्या दोन महिन्यांनी नजर टाका. एस्टोनियात पेशंटला असा लॉग दिसतो, कोणत्या डॉक्टरांनी कधी फाईल उघडली ते. आणि खरं सांगू का, रिपोर्ट कुणाच्याही पर्सनल मेलवर किंवा फॅमिली ग्रुपवर फिरवणं हे त्या पोर्टलपेक्षा कितीतरी असुरक्षित आहे, पण तिथे आपल्याला भीती वाटत नाही.

काय मागून घ्यायचं

स्कॅन असेल तर नुसता रिपोर्टचा कागद किंवा फिल्मचा फोटो नको, डायकॉम फाईल मागा, सीडीवर, पेनड्राइव्हवर किंवा लिंक. डायकॉम हा स्कॅनच्या इमेजचा जगभर चालणारा फॉरमॅट आहे, त्यात डॉक्टरांना शेकडो स्लाइस पुढेमागे सरकवून बघता येतात, गाठ मोजता येते. फिल्मच्या फोटोत ते काहीच होत नाही. आणि लिंक दिली असेल तर लगेच डाउनलोड करा, बऱ्याच लिंक काही दिवसांनी मरतात.

लॅब रिपोर्टमध्ये युनिट बघा, हा खड्डा मोठा आहे. शुगर कुठे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये येते तर कुठे मिलिमोल प्रति लिटरमध्ये, १२६ आणि ७ हे दोन्ही एकच आहेत, १८ नं भागायचं. क्रिएटिनिनमध्ये तर फरक अजून अंगावर येतो, १.२ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आणि १०६ मायक्रोमोल प्रति लिटर एकच. आमच्या ओळखीत एकांनी परदेशातला रिपोर्ट बघून किडनी गेली म्हणून रडारड केली होती. सिस्टिम नीट जोडलेल्या असतील तर हे मॅपिंग आपोआप व्हायला पाहिजे, पण हातानं टाइप केलेल्या नोंदीत घोळ होतात, ग्राफमध्ये एकच ठिपका आकाशात गेलेला दिसला तर आधी युनिटचा संशय घ्या.

हॉस्पिटलमधून डिस्चार्ज मिळताना समरी हातात पडते, तेव्हा सगळ्यांना घरी जायची घाई असते. तरी पाच मिनिटं थांबा. आधी चालू असलेल्या गोळ्यांपैकी कोणती बंद, कोणती चालू, कोणती बदलली हे लिहिलंय का? नुसत्या नव्या गोळ्या लिहिलेल्या असतात आणि जुन्यांबद्दल चकार शब्द नाही, मग माणूस दोन्ही खात बसतो.

रेकॉर्ड द्यायला कुणी टाळाटाळ करत असेल तर लेखी अर्ज द्या. बऱ्याच देशांत हा तुमचा हक्क आहे, युरोपात साधारण एक महिन्याच्या आत आणि अमेरिकेत ३० दिवसांच्या आत द्यावं लागतं, काही अपवाद आहेत पण "आमच्याकडे तशी पद्धत नाही" हे उत्तर नव्हे.

एक पान स्वतःचं

सिस्टिम असो नसो, हे पान करा. आईचं साधारण असं आहे, तारीख सगळ्यात वर:

ॲलर्जी: सल्फाच्या गोळीनं अंगभर पुरळ, २०११, हॉस्पिटलमध्ये जावं लागलं नाही.
ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम, सकाळी एक, बीपीसाठी, हार्टचे डॉक्टर.
मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम, दोन वेळा जेवणानंतर, शुगरसाठी, फॅमिली डॉक्टर.
बंद केलेलं: लघवीची गोळी, कारण चक्कर.

बघा, ब्रँडचं नाव नाही, आतल्या औषधाचं नाव. कशासाठी आणि कोणी दिली हे दोन शब्द. आणि बंद केलेल्या गोळ्यांची ओळ, जी कोणत्याच प्रिस्क्रिप्शनवर नसते पण पुढच्या डॉक्टरांना सगळ्यात जास्त उपयोगी पडते. आयुर्वेदिक, होमिओपॅथिक, व्हिटॅमिन, स्वतःच्या मनानं घेतलेली पेनकिलर, सगळं टाका त्यात, ओरडा बसला तर बसला. यादी करताना डबल गोळी सापडली तर स्वतःच बंद करू नका, डॉक्टरांना फोन करा, कोणती ठेवायची आणि कशी कमी करायची ते त्यांनाच ठरवू दे.

मग टेस्ट घ्या

पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांना सरळ विचारा, "डॉक्टर, मागच्या हॉस्पिटलचे रिपोर्ट तुम्हाला स्क्रीनवर दिसतायत का?" मी विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले दिसतील ना, मग माउस फिरवत बसले आणि म्हणाले अरे, हे वेगळ्या टॅबमध्ये येतं, मी कधी उघडलाच नव्हता. म्हणजे रेकॉर्ड पोचलेलं होतं, वाचलेलं नव्हतं! डॉक्टरांना दोष देत नाही, पेशंटमागे काही मिनिटं मिळतात आणि समोर दोनशे पानं असतात, म्हणून तुम्हीच बोट दाखवा: "मार्चचा इको बघा प्लीज, त्यात काहीतरी बदललंय म्हणे."

चुकाही शेअर होतात

हे विसरू नका. कागदावरची चूक एका फाईलमध्ये पडून राहायची, आता ती दहा ठिकाणी पोचते. पेनिसिलिनची ॲलर्जी हे नेहमीचं उदाहरण, ज्यांच्या फाईलवर ती लिहिलेली असते त्यातल्या ९० टक्क्यांहून जास्त लोकांना नीट तपासलं तर ती नसतेच. लहानपणी कधी पुरळ आलं, कुणीतरी लिहिलं, आणि मग जन्मभर त्यांना दुसरी, कधीकधी कमी उपयोगाची अँटिबायोटिक्स मिळत राहतात. हे स्वतः औषध घेऊन तपासायचं नाही बरं का, ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे जायचं.

म्हणून नोट्स वाचा. अमेरिकेत २०१० साली ओपननोट्स नावाचा प्रयोग झाला, शंभरेक डॉक्टरांनी आपल्या नोट्स पेशंटना वाचायला दिल्या, आणि वर्षभरानंतर जवळजवळ सगळ्या पेशंटचं म्हणणं होतं की हे चालू ठेवा. वाचताना डावा-उजवा पाय, ऑपरेशनचं वर्ष, सिगारेट ओढतो की नाही असल्या साध्या गोष्टी तपासा. आईच्या एका नोटमध्ये "पित्ताशय काढलेलं" असं होतं, तिचं अपेंडिक्स काढलंय. समजा उद्या उजव्या कुशीत दुखलं असतं तर? दुरुस्तीचा अर्ज दिला की जुनी नोंद खोडत नाहीत, त्याखाली सुधारणा जोडतात, तसंच असायला हवं. पण ज्या दवाखान्यांत आधीच ती चूक गेलीये तिथे सुधारणा आपोआप पोचेलच असं नाही, फोन करून सांगावं लागतं. मी तीन ठिकाणी केला, दोन ठिकाणी झालं, एका ठिकाणी अजून पित्ताशय गायबच आहे.

आणि एक, डिस्चार्जच्या दिवशी विचारायचं राहून जाणारं: "कोणता रिपोर्ट यायचा बाकी आहे?" कल्चर, बायोप्सी असले रिपोर्ट माणूस घरी गेल्यावर येतात आणि मग वॉर्डच्या डॉक्टरांना वाटतं फॅमिली डॉक्टर बघतील, फॅमिली डॉक्टरांना तो काढलाय हेच माहीत नसतं. नाव लिहून घ्या, कधी येणार ते लिहून घ्या, आणि तो कोण बघून आपल्याला फोन करणार ते त्या माणसाच्या नावासकट लिहून घ्या.